दगडात चाक अडकलं की स्टिअरिंग मरतं: नवा सर्व्हो मागवण्याआधी

तक्रार एकच असते, सांगणारा तेवढा बदलतो. क्रॉलर, म्हणजे दगड चढायची रिमोटवरची छोटी गाडी, घरात फरशीवर झकास वळतो, अंगणात वळतो, गच्चीवर विटांच्या चढावरही वळतो. पण इंदूरजवळच्या चोरल नदीच्या कोरड्या पात्रात दोन काळ्या दगडांच्या बेचक्यात पुढचं चाक बसलं की संपलं. ट्रान्समिटरचं चाक टोकापर्यंत फिरवा, गाडीची चाकं ढिम्म. कधी सर्व्हो, म्हणजे चाकं वळवणारी ती छोटी मोटार, नुसता गुरगुरतो, कधी अख्खी गाडी सेकंदभर मरते आणि आपोआप परत जिवंत होते. मग रविवार वाया गेल्याच्या रागात आपण आधीच्यापेक्षा दहा किलो जास्त ताकदीचा सर्व्हो मागवतो. तो येतो, बसतो, आणि तिसऱ्या रविवारी पुन्हा तेच.

मी असे दोन सर्व्हो घालवले. दोन्ही चांगले होते. पीथमपूरला मी मेंटेनन्समध्ये आहे. तिथे उडालेल्या फ्यूजच्या जागी कुणी मोठा फ्यूज घालताना दिसला तर मीच त्याच्यावर ओरडतो. आणि घरी येऊन नेमकं तेच करत होतो. (तिथेच नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक आहे, आणि माझी करमणूक म्हणजे मुंगीच्या चालीने दगड चढणारी गाडी. सहकाऱ्यांचं हसून झालेलं आहे.)

खालचं सगळं १/१० मापाच्या, साधारण अडीच-तीन किलो वजनाच्या गाड्यांबद्दल आहे. लहान गाड्यांना तत्त्व तेच, आकडे वेगळे.

आधी बघा, हलत काय नाही

गाडी चालवणाऱ्या मोटारच्या वायरी ईएससीपासून (तिचा वेग सांभाळणाऱ्या डबीपासून) सोडवून ठेवा, म्हणजे चुकून थ्रॉटल दाबला तरी बोटं शाबूत राहतील. गाडी जमिनीवर ठेवा, पुढची दोन्ही चाकं हातांनी घट्ट धरा आणि दुसऱ्या कुणाला तरी स्टिअरिंग फिरवायला सांगा. माझ्याकडे हे काम भाच्याकडे असतं. तुमची नजर फक्त सर्व्होच्या हॉर्नवर, म्हणजे त्याच्यासोबत फिरणाऱ्या छोट्या दांडीवर.

हॉर्न फिरतोय पण चाक वळत नाही, तर ताकद सर्व्होतून बाहेर पडते आहे आणि वाटेत कुठेतरी जिरते आहे. बहुतेक वेळा दोषी सर्व्हो सेव्हर असतो, म्हणजे तो स्प्रिंगवाला हॉर्न. वेगाने धडकणाऱ्या गाड्यांत तो सर्व्होचे गिअर वाचवतो. क्रॉलरमध्ये त्याचं काम नाही. दगडाने जरा दाबलं की स्प्रिंग उघडते आणि सगळा जोर तिथेच संपतो. तो काढून अ‍ॅल्युमिनियमचा, बाजूने स्क्रूने आवळला जाणारा हॉर्न लावा. सेव्हर नसेल तर सर्व्हो ज्या पट्टीवर बसलाय ती बघा. प्लास्टिकचा माउंट असा वाकतो की विश्वास बसत नाही. हॉर्न डावीकडे जातो आणि सर्व्हो स्वतः उजवीकडे कलतो. एकदा मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट करून पाहा.

हॉर्नही हलत नाही, चाकही नाही, आणि सर्व्हो दाताखाली वाळू आल्यासारखा कण्हतो, तर एक तर त्याला वीज पुरत नाही किंवा तो अशा कशाशी तरी झुंजतोय जे हलूच शकत नाही. या लेखाचा मोठा भाग याच दोन गोष्टींवर आहे.

आणि तिसरं: चाकं दाबून धरताच रिसिव्हरचा (गाडीतल्या, ट्रान्समिटरचा सिग्नल घेणाऱ्या डबीचा) दिवा लुकलुकला, गाडी मेली, सोडल्यावर परत आली. यात शंकाच नको. व्होल्टेज.

खोक्यावरचे २५ किलो घरी येईपर्यंत किती उरतात

आपल्याकडे २५ किलो, ३५ किलो असं आपण दुकानात बटाटे मागितल्यासारखं बोलतो. तो आकडा किलो-सेंटीमीटरचा आहे, म्हणजे सर्व्होच्या मध्यबिंदूपासून १ सेंटीमीटरवर एवढा जोर. तुमची ड्रॅग लिंक (हॉर्नपासून चाकाकडे जाणारी दांडी) हॉर्नच्या २० एमएमच्या भोकात असेल तर २५ चे तिथेच साडेबारा झाले. २५ एमएमच्या भोकात असेल तर दहा. शिवाय तो आकडा बहुतेक वेळा सर्व्होला चालणाऱ्या सगळ्यात वरच्या व्होल्टेजचा असतो, मग ते ६.८ असो, ७.४ असो की ८.४. तुमचा ईएससी देतोय ६. म्हणजे त्यातूनही कपात.

आता खरी गोम. सर्व्होला वीज येते ती ईएससीच्या पोटातल्या बीईसीतून. बॅटरीचं व्होल्टेज खाली उतरवून तो ते रिसिव्हरला देतो आणि रिसिव्हरमधून ते सर्व्होला जातं. कित्येक गाड्यांत हा बीईसी २ ते ३ अँपिअरचाच असतो. सर्व्हो मोकळा फिरताना त्याला फारसं काही लागत नाही, पण तो अडकला, की तिथल्या तिथे सगळ्यात जास्त करंट मागतो. मोठा सर्व्हो त्या क्षणी बीईसीच्या ऐपतीबाहेर जातो. इंदूरकरांना हे समजावून सांगायला नको: नर्मदेचं पाणी आलं की गल्लीतल्या सगळ्यांनी एकदम मोटारी लावायच्या, आणि वरच्या मजल्यावरच्या नळाने नुसती हवा सोडायची. इथे वरचा मजला म्हणजे तुमचा रिसिव्हर. त्याला पुरेसं व्होल्टेज मिळेना की तो बंद पडतो, सर्व्हो सैल होतो, मागणी घटते, व्होल्टेज वर येतं, रिसिव्हर पुन्हा चालू. हीच ती मरून जिवंत होणारी गाडी.

म्हणून ज्याचा बीईसी अपुरा आहे त्याने ३५ किलोचा सर्व्हो आणला तर दुखणं वाढतं. माझा दुसरा सर्व्हो आणल्यावर गाडी आधीपेक्षा जास्त वेळा मरायला लागली तेव्हा मी विक्रेत्याला मनातल्या मनात काय काय बोललो होतो. चूक त्याची नव्हती.

अंदाज बांधत बसू नका, मोजा. साधा मल्टीमीटर पुरतो. रिसिव्हरच्या रिकाम्या चॅनलमध्ये मधली पिन प्लस, आणि सर्व्होची काळी किंवा तपकिरी वायर ज्या रांगेत जाते ती मायनस. आधी स्वस्थ असताना बघा, मग चाकं दाबून धरून स्टिअरिंग फिरवायला सांगा. माझ्या गाडीत ६.०२ चे ४.४ झाले होते. आणि मल्टीमीटर सावकाश वाचतो. क्षणाची खोल बुडी त्याला दिसतच नाही, म्हणजे प्रत्यक्षात ते ४.४ च्याही खाली गेलं असणार. अर्धा व्होल्ट पडला तर चालवून घ्या. त्याहून बराच जास्त पडला, तर सर्व्होला दोष देणं थांबवा.

उपाय दोन. काही ईएससींवर ६ आणि ७.४ व्होल्टची निवड असते, जंपरने किंवा सेटिंगमध्ये. सर्व्होवर ७.४ चालतं असं लिहिलेलं असेल तरच ती बदला. याने जोर वाढतो, पण अँपिअरची मर्यादा तशीच राहते. पक्का उपाय म्हणजे वेगळा बीईसी, १० अँपिअरच्या आसपासचा. त्याची इनपुट थेट बॅटरीला, आउटपुटची लाल वायर फक्त सर्व्होला. सिग्नलची वायर रिसिव्हरकडूनच येते. सर्व्होची लाल वायर रिसिव्हरपासून तोडायची, नाहीतर दोन बीईसी एकमेकांच्या अंगावर जातील. पण काळी वायर तिघांची एकच राहिली पाहिजे. ती सुटली की सर्व्हो वेड लागल्यासारखा थरथरतो आणि आपण तासभर रिसिव्हर बदलत बसतो.

थेट बॅटरीवर सर्व्हो लावायचा मोह होतो, विशेषतः २एसवर, म्हणजे दोन सेलच्या बॅटरीवर. पूर्ण चार्ज २एस लायपो ८.४ व्होल्ट देते, ७.४ नव्हे. सर्व्होवर ८.४ लिहिलं असेल तरच ते करा. ३एस पूर्ण भरल्यावर १२.६ असते, तिच्यावर खास त्या व्होल्टेजसाठी बनवलेला सर्व्हो सोडून दुसरा कुठलाही लावलात तर धूर बघायला मिळेल.

रिसिव्हरवर लावायचा तो कपॅसिटरही लोक सुचवतात. क्षणभराच्या बुडीला तो उपयोगी आहे. दगडात तीन सेकंद अडकलेल्या सर्व्होला त्याचा काडीचा उपयोग नाही.

सर्व्हो भिंतीवर डोकं आपटतोय का

व्होल्टेज सुधारल्यावर माझा पहिला सर्व्हो का मेला याचं उत्तर मिळालं नव्हतं. तो तर लहान होता, बीईसीला सहज झेपणारा. उत्तर कानाने मिळालं. रात्री उशिरा, पंखा बंद करून, गाडी टेबलावर ठेवून मी स्टिअरिंग पूर्ण डावीकडे धरलं आणि कान सर्व्होजवळ नेला. मध्यावर असताना डिजिटल सर्व्होची बारीक, डासासारखी गुणगुण येते. ती असू द्या, तो त्याचा स्वभाव आहे. टोकाला मात्र आवाज बदलला होता: जाड, ताणलेला, मिक्सरमध्ये खोबरं जास्त झाल्यासारखा. चाक तर वळून थांबलं होतं. नकल (चाकासोबत वळणारा भाग) सी-हबला (ती ज्यात बसते त्या कंसाला) टेकली होती. पण ट्रान्समिटर म्हणत होता अजून वळ, आणि सर्व्हो इमानदारीने लोखंडाला ढकलत होता. प्रत्येक पूर्ण वळणावर. दगड नसतानाही. मिनिटभराने बोट लावलं तर केस गरम.

याचा इलाज फुकट आहे: एंड पॉइंट, म्हणजे सर्व्होने प्रत्येक बाजूला कुठवर फिरायचं ते ठरवणारी ट्रान्समिटरची सेटिंग. पण त्याच्या आधी मध्य नीट असावा लागतो, आणि इथेच बहुतेकांचा क्रम उलटा होतो. चाकं जरा तिरकी दिसली की ट्रान्समिटरच्या ट्रिमने (मध्य सरकवणाऱ्या कळीने) सरळ करायची सवय लागते. मग एका बाजूला वळण भरपूर, दुसऱ्या बाजूला तुटपुंजं.

हॉर्न काढून टाका. ट्रिम शून्य, सबट्रिम (सेटिंगमधली बारीक ट्रिम) शून्य, ड्युअल रेट (एकूण वळण कमी-जास्त करणारी कळ) १०० टक्के, दोन्ही बाजूंचे एंड पॉइंट १०० टक्के. मग गाडी चालू करा. आता सर्व्हो १५०० मायक्रोसेकंदाच्या पल्सवर, म्हणजे त्याच्या खऱ्या मध्यावर आहे. या अवस्थेत हॉर्न असा बसवा की तो ड्रॅग लिंकला काटकोनात येईल. काटकोन सर्व्होच्या बॉडीशी नव्हे, लिंकशी. कित्येक गाड्यांत सर्व्हो कललेला असतो आणि नजर तिथेच फसते. अगदी काटकोन जुळणार नाही. २५ दातांच्या स्प्लाइनवर (हॉर्न बसतो त्या सर्व्होच्या दातेरी दांड्यावर) एक दात म्हणजे १४.४ अंश, त्यामुळे वाईटात वाईट ७.२ अंशांचा फरक राहतो. तेवढ्यासाठीच सबट्रिम आहे. त्याहून जास्त सबट्रिम लागली तर हॉर्न एक दात चुकलाय.

दातांवरून आठवलं. स्प्लाइन २३, २४ आणि २५ अशा तिन्ही प्रकारच्या मिळतात आणि नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत नाहीत. भलत्या दातांचा अ‍ॅल्युमिनियमचा हॉर्न जोर लावून बसवला की तो बसतोसुद्धा! आणि मग दोन रविवारांनी आतून गुळगुळीत होतो.

चाकं सरळ करायची ती लिंकच्या लांबीने. तिच्या टोकाचा रॉड एंड अर्धा-एक आटा आत-बाहेर करा. हे कंटाळवाणं आहे, मान्य. एकदाच करायचं आहे.

आता एंड पॉइंट. डावीकडचा ५० टक्क्यांवर आणा, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे धरा, आणि एकेक टक्का वाढवत जा. नकल टेकेल. एक-दोन टक्के पुढे गेलात की तो जाड आवाज सुरू होईल. तिथून मागे या, आवाज थांबेपर्यंत, आणि आणखी एक टक्का मागे. उजवीकडेही तेच, स्वतंत्रपणे. दोन्ही आकडे सारखे येतील ही अपेक्षा ठेवू नका. माझ्या गाडीत ८८ आणि ९४ आहेत.

टेबलावर हे झालं की अर्धंच काम झालं. एक पुढचं चाक जाड पुस्तकावर चढवा, सस्पेन्शन पिळवटून घ्या, आणि पुन्हा दोन्ही टोकं तपासा. सरळ उभ्या गाडीत मोकळं वळणारं टायर, एक चाक वर गेलं की शॉकला किंवा खालच्या लिंकला घासतं, आणि सर्व्हो परत भिंतीवर डोकं आपटायला लागतो. ब्रासच्या नकल आणि रुंद टायर लावलेल्यांना हे हमखास होतं. पुढच्या शाफ्टचा जॉइंटही बघा. पूर्ण वळणावर चाक हाताने फिरवलं की तो खटखट अडकत असेल, तर वळणच दोन-तीन टक्के कमी करा. तेवढं वळण गेल्याचं दगडावर कळतही नाही.

आलेला आकडा एक गोष्ट सांगतो, ती ऐका. एंड पॉइंट ६०-७० टक्क्यांवर आणावा लागला तर हॉर्न लांब पडतोय. लिंक आतल्या भोकात घ्या. सर्व्हो जास्त फिरेल, वळण तेवढंच मिळेल, पण जोर वाढेल, तोही एक रुपया न खर्चता. २० एमएमवरून १५ एमएमवर आलात तर साडेबारा किलोचे सोळाच्या वर जातात. दहा किलो जास्तीच्या सर्व्होची जी जाहिरात तुम्ही बघत होतात, तिच्यातला बराचसा माल इथेच पडलेला असतो.

बाकीचं थोडक्यात

सर्व्हो चेसिसवर बसवलेला असेल तर ड्रॅग लिंक आणि पॅनहार्ड रॉड (अ‍ॅक्सलला आडवं सरकू न देणारी दांडी) समोरून पाहताना समांतर आणि शक्य तितक्या सारख्या लांबीचे हवेत. नसतील तर गाडी दगडावरून उतरताना सस्पेन्शन दबतं आणि चाकं आपोआप वळतात. पुढचं नाक हाताने खाली दाबा. चाकांनी मान फिरवली तर हेच कारण. पॅनहार्डचे बॉल एंड ढिले झाले असतील तर आणखी गंमत: स्टिअरिंग फिरवलं की चाक जागेवर राहतं आणि गाडीच आडवी सरकते. सर्व्हो थेट अ‍ॅक्सलवर असेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

हॉर्नच्या मधल्या स्क्रूची लांबी बघा. जास्त लांब असेल तर तो सर्व्होच्या आत तळाला टेकतो, अ‍ॅलन की घट्ट झाल्याचं सांगते, आणि हॉर्न मात्र वर सैल बसलेला असतो. मी असा एक स्क्रू सियागंज बाजारातून आणला होता आणि महिनाभर थ्रेडलॉकला (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायच्या गोंदाला) नावं ठेवत होतो. थ्रेडलॉक फक्त धातूवर धातू असेल तिथे. प्लास्टिकला लागला की ते ठिसूळ होऊन तडकतं.

पाण्यातून गाडी नेली असेल तर घरी आल्यावर सर्व्हो वाळू द्या, मगच चार्जिंग-बिर्जिंग. ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर माझा विश्वास केसच्या चार स्क्रूंइतकाच आहे, आणि ते चार स्क्रू मी आधी आवळून बघतो.

आणि एक, ज्याची मला अजून लाज वाटते. मागच्या महिन्यात भाच्याचा फोन आला.

“मामा, सर्व्हो गेला. अर्धाच वळतो.”

“आवाज येतोय?”

“नाही ना. एकदम गोड वळतो. पण अर्धाच.”

मी राजेंद्र नगरातून सुदामा नगरपर्यंत मल्टीमीटर, टेस्टर, दोन हॉर्न आणि जास्तीचा बीईसी घेऊन गेलो. हॉर्न उतरवला, व्होल्टेज मोजलं, लिंका काढल्या. ताईने तोवर दोनदा पोहे विचारले. शेवटी ट्रान्समिटर हातात घेतला तर ड्युअल रेटची गोल कळ ५५ वर. बॅगेत घासून फिरली होती. भाचा म्हणाला, “मामा, तू एवढं सगळं का उघडलंस?” आवाज येत नाही, जोर आहे, फक्त वळण कमी आहे, तर सर्वांत आधी ती कळ. जीरावण मसाला जरा जास्तच घालून पोहे खाल्ले आणि परत आलो.

खरंच मेला असेल तर

वरचं सगळं करूनही स्टिअरिंग नीट होत नसेल, तर लिंक सोडवून नुसता सर्व्हो टेस्टरवर फिरवा. एका ठरावीक जागी कट्ट करून उडी मारत असेल तर गिअरचा दात गेलाय. बऱ्याच सर्व्होंचे गिअर सेट वेगळे मिळतात, आणि चार स्क्रू उघडून ते बदलणं अर्ध्या तासाचं काम आहे. उघडताना आतल्या गिअरचा एक फोटो काढून ठेवा आणि ग्रीस पुन्हा भरायला विसरू नका. काही भार नसताना केस तापत असेल किंवा जळका वास येत असेल तर मोटार किंवा सर्किट गेलंय, त्यावर वेळ घालवू नका.

माझ्या पहिल्या सर्व्होची मोटार गेली होती. दुसऱ्याचा नुसता एका टोकाकडचा दात तुटलाय, मधल्या चाळीसेक अंशांत तो अजून मख्खनसारखा फिरतो. त्याला आता गाडीत जागा नाही. गेल्या गणपतीत भाच्याने तो टेस्टरला जोडून पुठ्ठ्याच्या उंदराच्या मानेखाली बसवला आणि दहा दिवस येणाऱ्या-जाणाऱ्यांना उंदीर मान डोलवत होता. तिथे वजन होतं वीस ग्रॅम आणि एंड पॉइंट दोन्हीकडे ४०.